हरणाक्काचे हात

“कोन शिंकलं गं?”

हरणाक्काचा आवाज स्वयंपाकघरातून आला आणि मॅटवरच्या अकराही मुली जागच्या जागी थांबल्या. प्रियदर्शनीनं माझा घोटा पकडला होता, तो ती सोडायलाही विसरली.

शिंक माझी होती. मी ती दोन बोटांनी दाबायचा प्रयत्न केला होता, पण अडुसष्ट किलोच्या पैलवान मुलीची शिंक दाबून दाबून किती दाबणार? पत्र्याच्या शेडमध्ये ती सुतळी बॉम्बसारखी वाजली.

“इचारतीया मी. कोन शिंकलं?”

“संयोगिता!” दहा जणींनी एका सुरात सांगितलं. एरवी या दहा जणींचं उकडलेल्या अंड्यांवरूनसुद्धा एकमत होत नाही.

हरणाक्का बाहेर आली. हात वाटलेल्या बदामानं भरलेले. बाजारात मेंढरू घेताना दात बघतात तसं तिनं माझं तोंड उजेडाकडं वळवून नाक बघितलं.

“लोनंदला लग्नाला गेलतीस न्हवं? कुनाच्या गळ्यात पडलीस?”

“मावसभनीच्या. नवरीच हुती ती, आक्का.”

“नवरीला सर्दी हुती?”

“जराशी.”

“झालं! नवरीनं हार घातला नवऱ्याला अन् सर्दी घातली हिला.”

सगळ्या खिदळल्या. अंकिता तेवढी हसली नाही. ती मुकाट्यानं मॅटच्या दुसऱ्या टोकाला सरकली, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

तो सोमवार होता. रविवारी साताऱ्यात राष्ट्रीय शिबिरासाठी वीस वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी होती आणि आमच्या तालमीतून त्रेपन्न किलोत अंकिता उतरणार होती. मागच्या वर्षी याच चाचणीत ती अंतिम लढतीपर्यंत पोचली होती. पण नाक चोंदलेलं, श्वास तोंडानं चाललेला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात दम तुटला आणि एका गुणानं ती गेली. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती, म्हणजे ही संधी शेवटची. आणि औषध घेऊन वेळ मारून न्यायचीही सोय नव्हती. सर्दीच्या काही औषधांत असं काही असतं की स्पर्धेच्या तपासणीत ते सापडतं आणि जिंकलेली मुलगी बाद होते. आमच्या वस्तादांनी, नाथाजींनी, भिंतीवर खडूनं लिहूनच ठेवलं होतं: मला विचारल्याशिवाय गोळी नाही, सिरप नाही. तेव्हा सर्दी होऊच द्यायची नाही, एवढंच आमच्या हातात होतं.

इस्लामपूरच्या बाहेर उसाच्या फडांमध्ये आमची ही मुलींची तालीम. वस्ताद लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं भात वाढतानासुद्धा ऑर्डर सोडायचे. पण तालीम खरी चालायची हरणाक्कावर. ती आटपाडीकडची. उभी हयात मेंढरांमागं गेली. नवरा गेला, कळप मोडला आणि सहा वर्षांपूर्वी ती आमच्याकडं स्वयंपाकाला आली. वस्ताद म्हणायचे, “डाव मी शिकवतो, पण पोरी आक्का वळती.” वळणं म्हणजे हाकणं हे आम्हाला माहीत होतं, पण कुणालाच राग यायचा नाही.

“वस्ताद,” हरणाक्का त्या दिवशी म्हणाली, “मेंढरात एक शिंकलं की आदी वाघरीभाईर काडायचं. हिला कोठीत घालते.”

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मला वाघरीबाहेर काढलं, म्हणजे धान्याच्या कोठीत घातलं. ज्वारीची पोती, तेलाचे डबे आणि मी. माझं ताट, बादली, टॉवेल सगळ्यावर तिनं गेरूचा लाल ठिपका दिला. आजारी मेंढराला देतात तसा. मग माझ्याकडं बघितलं आणि एक ठिपका माझ्या दंडावरही दिला.

“आक्का, मी काय मेंढरू हाय?”

“मेंढरू गप बसतं.”

त्या आठवड्यात हरणाक्कानं जी लढाई चालवली, ती कोठीच्या खिडकीतून बघताना मला सर्दीचा विसर पडायचा. इस्लामपूरच्या बाजारातून नाव घालणारा माणूस आणून तिनं अकरा स्टीलच्या पेल्यांवर अकरा नावं घालून घेतली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून नावाखाली ठिपके. स्वप्नालीचा एक, तिच्या पुढचीचे दोन, असं करत अंकिताचे अकरा. “ज्याचं पानी त्याच्या गिलासात,” असा हुकूम निघाला. टॉवेल रोज उकळायचे. दाराच्या कड्या साबणानं धुवायच्या. साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून नळाला टांगली, म्हणजे कुणाला “साबण सापडला न्हाई” म्हणायला जागा नको. वस्तादांना तर चेव चढला. ते मुलींना नळावर ओळीत उभं करून हात धुवायचीच कवायत घ्यायला लागले.

“अंगठा! बोटांच्या बेचक्या! नखं! एक दो, एक दो! कोण थांबलं? वीसपर्यंत मोजायचं!”

“वस्ताद, सालटी निघाली.”

“निघूद्यात. सालटी परत येत्यात, चाचणी येत न्हाई.”

पण मंगळवार गेला आणि बुधवारी सकाळी चव्वेचाळीस किलोची स्वप्नाली शिंकली. गुरुवारी प्रियदर्शनी. दोघींची रवानगी मागच्या पडवीत झाली. आता हे माझ्या अंगावर येणार हे मी ओळखलं. आणि आलंच. खिडकीखालून जाताना प्रत्येकजण माझ्याकडं अशी बघायची की जणू मी बाहेर येऊन एकेकीच्या ताटात शिंकत होते. मी शपथेवर सांगते, कोठीच्या दारापलीकडं माझं पाऊल पडलेलं नव्हतं.

“आक्का, माझ्यामुळं कसं झालं? मी तर हितंच हाय.”

“मला तरी काय कळतंय, बाय? सगळं करतीया. देवाला काळजी.”

ती खरंच खंगली होती. पहाटे उठून मिठाचं कोमट पाणी ठेवायचं, सगळ्या खिडक्या उघडायच्या, भांडी दोनदा धुवायची, वर अकरा जणींचा स्वयंपाक.

आता तिची संध्याकाळची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सहा वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती. दिवा लावला की मुली वजनाच्या क्रमानं ओळीत उभ्या राहायच्या. कुणी बोलवायला लागायचं नाही. हरणाक्का एकेकीचं घामेजलं तोंड पदरानं पुसायची, दोन्ही तळवे गालांवरून खाली ओढायची आणि मग आपल्या कानशिलांवर टेकवून बोटं कडाकडा मोडायची. जितकी जास्त मोडली तितकी दृष्ट जास्त लागलेली, असा तिचा हिशोब. “सात मोडली! कोन मेलं नजर लावतंय माज्या पोरीला?” कुणाच्या नावानं बोटं मोडणारी माणसं मी रग्गड बघितलीत, घरचीच आहेत. पण आपल्यासाठी बोटं मोडणारं माणूस भेटायला नशीब लागतं. माझी आई मला दहाव्या वर्षी शेवटचं जवळ घेऊन बसली असेल. दिवसभर एकमेकींना आपटणाऱ्या आम्ही, पण त्या घटकेला कोकरं व्हायचो. अंकिता मात्र वजनाच्या क्रमात बसायची नाही. तिचा नंबर शेवटचा. हरणाक्का तिला सगळ्यात शेवटी, सगळ्यात सावकाश घ्यायची. ती लाडकी होती, आणि त्याचा आम्हाला हेवा वाटायचा, हे सरळ सांगून टाकते.

गुरुवारी दिवा लागल्यावर हरणाक्का रोजच्यासारखी आधी कोठीत आली. आजारी लेकराला आधी, हा तिचा नियम. मला काढा पाजला. माझं नाक वाहत होतं, ते पदरानं स्वच्छ पुसलं. गालांवरून तळवे फिरवले, बोटं मोडली.

“आट! हुडकूनच काडते कोन हाय त्ये.”

पुढं पडवीत जाऊन तिनं स्वप्नाली आणि प्रियदर्शनीचंही तसंच केलं. मला भूक लागलेली. अजून एक भाकरी मागावी म्हणून मी खिडकीशी गेले आणि उभी राहिले. सहा वर्षं मी त्या ओळीत आतून उभी होते, डोळे मिटून. बाहेरून ती ओळ मी पहिल्यांदाच बघत होते.

हरणाक्का ओळीपाशी आली आणि तिनं पहिल्या मुलीचं तोंड पुसलं. पदराच्या त्याच टोकानं. ओलं टोक होतं ते, दिव्याच्या उजेडात मला लांबून दिसलं. मग तळवे गालांवर. मग दुसरी. दुसरीवरून तिसरी. माझ्या नाकाचं पाणी हातोहात एकेका गालावरून पुढं चाललं होतं आणि ओळीच्या शेवटी, डोळे मिटून, तोंड वर करून, अंकिता उभी होती.

ओरडावं तर हरणाक्काला काय वाटेल? न ओरडावं तर? सहावी झाली, सातवी झाली. हरणाक्का अंकितासमोर आली, तिनं पदराचं टोक उचललं.

“आक्का, थांब! हात लावू नगंस तिला!”

एवढी ओरडले की वस्ताद ऑफिसातून पळत आले. हरणाक्काचा हात अंकिताच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला.

“का गं? काय चावलं?”

“त्यो पदर... आत्ता माझं नाक पुसलंस त्यानं. मग स्वप्नालीचं. अन् हातबी तेच.”

हरणाक्कानं पदराचं टोक उलगडून बघितलं. मग दोन्ही तळवे बघितले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मला त्या क्षणी वाटलं, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

“असू द्या आक्का,” वस्ताद चाचरत म्हणाले. “मलाबी सुचलं न्हाई. हात धुवायची कवायत घेतली, पर...”

“न्हाई वस्ताद. मला सुचाय पायजे हुतं.” ती ओट्यावर बसली. “आमच्या मेंढरात एकदा देवीची साथ आली हुती. आजारी हुती ती भाईर काडली. सासू म्हनली, हरणे, सांच्याला आदी चांगली बघ, आजारी मागनं. म्या आइकलं न्हाई. माया आडवी आली. आजारी म्हनून त्यास्नीच आदी कुरवाळायची, अन् त्याच हातानं बाकीची.”

“मग किती गेली, आक्का?” पडवीतून स्वप्नालीनं विचारलं.

“त्ये इचारू नगंस.”

ती उठली, नळावर गेली, मोज्यातला साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. खूप वेळ धुतले. त्या दिवशी वस्तादांनी एक दो म्हटलं नाही.

शुक्रवारी दिवा लागला तेव्हा मुली सवयीनं ओळीत उभ्या राहिल्या. हरणाक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली, हात पाठीमागं बांधून.

“जावा गं. आजपास्नं हे बंद.”

“आक्का, कालचंबी माझं राहिलंय,” अंकिता म्हणाली.

“ऱ्हाऊंदे. जिकून ये, मंग घेते दोनी हातांनी.”

त्या रात्री भाकरी करपल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी पहाटे आणखी एक शिंक ऐकू आली आणि सगळ्या मुली एकदम ओरडल्या, “कोन शिंकलं गं?”

स्वयंपाकघरातून थोड्या वेळानं उत्तर आलं, “मी.”

हरणाक्कानं गेरूचं डबडं स्वतःच उघडलं, स्वतःच्या दंडावर ठिपका दिला आणि वळकटी घेऊन माझ्या कोठीत आली. स्वयंपाक वस्तादांनी हातात घेतला. त्यांचं पिठलं खाऊन मुलींना समजलं की आपल्या लष्करापुढं शत्रू का टिकत नाही. पण अंकिता? अंकिताचा श्वास मोकळा होता. दर तासाला हरणाक्का मला खिडकीशी उभी करायची.

“बघ, तोंड उघडं हाय का मिटलेलं?”

“मिटलेलं. नाकानंच घेतीया.”

“परत बघ.”

रविवारी वस्ताद न शिंकलेल्या मुलींनाच जीपमधून घेऊन गेले. मी सात दिवसांत बरी झाले होते, तरी मला हरणाक्काबरोबर एसटीनं पाठवलं. तिनं तोंडाला मास्क बांधला होता, पदराला हात लावत नव्हती, खिडकीशी तोंड बाहेर करून बसली होती. साताऱ्यात हॉलमध्ये आम्ही सगळ्यात मागं, दाराजवळ बसलो. पुढच्या दहा रांगा मोकळ्या ठेवून. वाळीत टाकलेल्या दोन बाया.

अंकितानं पहिल्या दोन लढती अशा काढल्या की मला बसवेना. एकीला दीड मिनिटात चितपट केलं. अंतिम लढतीत मात्र समोर निळ्या पोशाखात तीच मुलगी उभी होती, गेल्या वर्षीची. पहिल्या तीन मिनिटांत निळी चार, आपली दोन. मधल्या अर्ध्या मिनिटात वस्तादांनी पाणी दिलं, अंकिताच्याच पेल्यात, अकरा ठिपक्यांच्या.

“तोंड बघ तिचं,” हरणाक्कानं माझं मनगट धरलं आणि लगेच सोडून दिलं.

“मिटलंय आक्का! नाकानं घेतीया श्वास!”

“आन् त्या निळीचं?”

“उघडं! आ वासलाय तिनं!”

“मंग कुस्ती आपली हाय.”

दुसरी फेरी सुरू झाली. अंकितानं तिला रेघेबाहेर ढकललं, एक गुण. निळीनं परत एक काढला. पाच–तीन. एक मिनिट राहिलं. मी बाकावर उभी राहून बोंबलत होते, हरणाक्का बसल्या जागी पुटपुटत होती. अंकिता दाबत राहिली, दाबत राहिली, परत रेघ, परत एक गुण. पाच–चार. वीस सेकंद. गेल्या वर्षी इथंच तिचा दम तुटला होता. आता निळी मागं सरायला लागली, तिचे हात जड झाले, आणि अंकिता वाऱ्यासारखी खाली गेली. एकेरी पट! पाय हातात आला. निळी एका पायावर नाचत रेघेकडं पळायला बघतेय, दहा, नऊ, अंकितानं खांदा लावला, फिरवली, आपटली आणि पाठीवर कब्जा घेतला.

दोन गुण. सहा–पाच. घंटा.

मी हरणाक्काला मिठी मारायला वळले तर ती दोन जागा पलीकडं सरकली होती. “लांबनं नाच,” ती म्हणाली. मास्कवरचे तिचे डोळे असे चमकत होते की मी खरंच लांबूनच नाचले.

निवडलेल्या मुलींना त्याच दुपारी शिबिराला घेऊन जायला बस उभी होती. सगळं घाईघाईत झालं, नावं वाचली, बॅगा चढल्या. अंकिता गर्दीतून वाट काढत आमच्याकडं धावत आली.

“थांब! तितंच ऱ्हा!” हरणाक्का ओरडली. माळावर मेंढरांना अडवायला ओरडत असेल तशी.

अंकिता सात-आठ पावलांवर थांबली. हरणाक्काचे हात आपोआप वर आले होते. ते तिनं खाली घेतले, पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. मी बाजूलाच होते, मला दिसत होतं.

“श्वास बरा हुता न्हवं?”

“दोनी नाकपुड्या मोकळ्या, आक्का.”

“मंग बास.”

“आक्का, तू म्हनलीवतीस. जिकून ये, मंग घेते.”

“म्हनलीवते. पर आता तितं आजून वीस पोरी असत्याल. त्यास्नीबी कुनीतरी इतकंच जपलं आसंल. जा.”

अंकिता उभीच राहिली. तिचं तोंड रडवेलं झालं होतं. बसवाल्यानं हॉर्न दिला, वस्तादांनी हाक मारली, तशी ती मागं बघत बघत गेली.

बसच्या काचा बंद होत्या. ती खिडकीशी येऊन बसली आणि बस हलायला लागली. मग तिनं दोन्ही तळवे हरणाक्काच्या दिशेनं पुढं केले, हवेतच वरून खाली ओढले, आपल्या कानशिलांवर टेकवले आणि बोटं मोडली. आवाज काही आमच्यापर्यंत पोचला नाही. हरणाक्काचा मास्क मात्र ओठांबरोबर हलताना दिसला, ती मोजत होती.

“किती गं आक्का?”

“धा,” ती म्हणाली. “सगळी.”

बस वळणावर दिसेनाशी झाली. हरणाक्काचे डोळे भरून वाहायला लागले. तिचा हात डोळ्यांपर्यंत गेला, तिथं थबकला आणि परत खाली आला. ती पुसेनाच. पाणी मास्कच्या कडेनं खाली उतरत होतं, तसंच उतरू दिलं.

“चल,” ती म्हणाली. “नळ कुटं हाय बघ आदी.”